बायबलच्या अचूकतेवर वाद: तो प्रामाणिक आणि मुद्द्यावर कसा ठेवायचा

शुक्रवारच्या शास्त्राभ्यासात एका तरुणाने मार्क २:२६ उघडून विचारलं, "इथे याजकाचं नाव अब्याथार आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात तोच याजक अहीमलेख आहे. मग चुकलं कोण?" प्रश्न साधा होता, नीट वाचून विचारलेला होता. पाऊण तासाने आम्ही नोहाचं तारू, डार्विन आणि इतर धर्मांचे ग्रंथ करत करत त्या मुलाच्या तारणापर्यंत पोचलो होतो. मार्कचं ते पान पहिल्या मिनिटानंतर कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. चर्चा मी चालवत होतो. पुढच्या शुक्रवारी तो आला नाही, आणि नंतरही कधी आला नाही.

तेव्हापासून अशा चर्चा चालवताना मी काही गोष्टी ठरवून करतो. त्या इथे क्रमाने लिहितो आहे. बायबलमध्ये चूक नाही असं मानणाऱ्याला त्यांचा उपयोग होईल, आणि चुका आहेत असं मानणाऱ्यालाही. मी स्वतः विश्वासी आहे आणि बायबल देवाचं वचन मानतो. पण "अचूक" या शब्दात नेमकं काय धरायचं, याबाबत माझं मत वीस वर्षांपूर्वी होतं ते आज नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अशी चर्चा चालवणाऱ्याची पहिली जबाबदारी हीच, की आपण कुठे उभे आहोत ते लपवायचं नाही.

बसण्याआधी: हा वाद आहे की वितंडा?

गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, बोलाचालीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू काहीच न मांडता फक्त समोरच्याचं खोडत राहायचं, ती वितंडा. वितंडवाद हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा हा मूळ अर्थ बायबलच्या चर्चेत फार कामाला येतो. "बायबलमध्ये चुका आहेत" एवढंच म्हणत दर पाच मिनिटांनी नवं वचन काढणारा, पण स्वतः बायबलला काय मानतो ते न सांगणारा माणूस वितंडा करतो आहे. प्रत्येक अडचणीला "याचं उत्तर कुठेतरी असणारच" म्हणून पुढे सरकणारा विश्वासीसुद्धा तेच करतो आहे, कारण त्यानेही काही मांडलेलं नाही.

म्हणून सुरुवातीलाच दोघांना विचारा: "समोरच्याचं पटलं तर तुम्ही काय बदलाल?" उत्तर "काहीच नाही" असं आलं, तर ते तसं मान्य करून घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र मग ती साक्ष झाली. साक्ष ऐकायची असते, तिच्यावर वाद घालायचा नसतो.

प्रतिज्ञा कागदावर लिहा

प्रतिज्ञा म्हणजे ज्यावर वाद घालायचा ते विधान. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझा अनुभव असा की दहातल्या सात-आठ भांडणांत दोघे दोन वेगळ्या वाक्यांबद्दल भांडत असतात. न्यायशास्त्रात छलाचं, म्हणजे शब्दाचा भलताच अर्थ घेऊन खोडण्याचं, जुनं उदाहरण आहे. एक जण म्हणतो, देवदत्ताच्या अंगावर नव कांबळं आहे. त्याला म्हणायचं असतं नवं कोरं. दुसरा म्हणतो, नऊ कुठे आहेत, मला तर एकच दिसतं. "बायबल अचूक आहे" या वाक्याचं रोज असंच होतं.

मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो. प्रेरित, विश्वसनीय, निर्दोष, अचूक, अस्खलनीय हे शब्द उपदेशात एकमेकांच्या जागी सर्रास येतात. प्रेरित म्हणजे देवाच्या श्वासातून आलेलं. विश्वसनीय म्हणजे ज्यावर भरवसा ठेवता येतो. अचूक म्हणजे ज्यात चूक नाही. पहिलं मानणारा तिसरं मानतोच असं नाही, आणि मानलंच पाहिजे असं म्हणायचं असेल तर ते सिद्ध करावं लागतं, गृहीत धरता येत नाही.

म्हणून एक वाक्य निवडा. स्वतःचं लिहिता येईल, पण आधी घासूनपुसून तयार झालेली वाक्यं समोर ठेवली तर काम सोपं होतं. मी तीन ठेवतो.

पहिलं, शिकागो निवेदनाचं. ऑक्टोबर १९७८ मध्ये शिकागोत इव्हँजेलिकल (बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पंथांचे दोनशेहून अधिक पुढारी आणि अभ्यासक जमले आणि त्यांनी १९ कलमांचं निवेदन केलं. प्रत्येक कलमात आम्ही काय मानतो आणि काय नाकारतो हे दोन्ही लिहिलं आहे. बारावं कलम स्पष्ट म्हणतं की अचूकता फक्त आध्यात्मिक विषयांपुरती नाही. इतिहास आणि विज्ञान यांच्या क्षेत्रातही ती आहे.

दुसरं, १९७४ च्या लोझान कराराचं. हाही इव्हँजेलिकल ख्रिस्त्यांचाच. त्यात शास्त्र जे जे ठामपणे सांगतं त्या सगळ्यात चूक नाही, असा आशय आहे. एखादं वाक्य बायबलमध्ये आहे म्हणजे बायबल ते ठामपणे सांगतंच असं नाही, म्हणून या शब्दांत विचाराला जागा राहते.

तिसरं, कॅथलिक चर्चचं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई व्हर्बुम' या दस्तऐवजाच्या अकराव्या परिच्छेदात म्हटलं आहे की आपल्या तारणासाठी जे सत्य शास्त्रात असावं अशी देवाची इच्छा होती, ते शास्त्र खात्रीने, विश्वासूपणे आणि चुकीविना शिकवतं. "तारणासाठी" हा शब्द मर्यादा घालतो की फक्त हेतू सांगतो, यावर कॅथलिक अभ्यासकांतच मतभेद आहेत.

ही तीन वाक्यं एकच नाहीत. अब्याथारचं नाव चुकलं असं सिद्ध झालं तर शिकागोच्या वाक्याला धक्का बसतो. देई व्हर्बुमच्या वाक्याला बहुधा बसत नाही. वसईचा एक कॅथलिक आणि अहमदनगरचा एक प्रोटेस्टंट एकाच टेबलाशी बसले, तर आपण कोणत्या वाक्यावर बोलतो आहोत हे त्यांना आधी ठरवायलाच हवं. शिवाय बायबल म्हणजे किती पुस्तकं हेही ठरवावं लागेल, कारण एकाच्या हातात ७३ आहेत आणि दुसऱ्याच्या ६६.

निवडलेलं वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि शेवटपर्यंत पुसू नका. मध्येच कोणी ते बदललं, उदाहरणार्थ अडचण आल्यावर "म्हणजे मला मुख्य शिकवणीबद्दल म्हणायचं होतं" असं म्हणाला, तर त्याला प्रतिज्ञांतर म्हणतात. बदलू द्या, माणसाला मत बदलायचा हक्क आहे. फक्त जुन्या वाक्यावर रेघ मारून नवं वाक्य खाली लिहायचं, म्हणजे बदल झाला हे सगळ्यांना दिसतं.

कोणता मजकूर?

शिकागोच्या दहाव्या कलमानुसार प्रेरणा काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांना लागू होते, आणि प्रती व भाषांतरं मुळाशी जितकी इमानी असतील तितकीच ती देवाचं वचन असतात. ती मूळ हस्तलिखितं आज कुठेही नाहीत. म्हणून आपल्या हातात तीन थर आहेत: हरवलेलं मूळ, हजारो हाती प्रती, आणि भाषांतरं. अडचण आली की ती कोणत्या थरावरची आहे हे आधी पाहा.

एक स्वच्छ उदाहरण देतो. यहोयाखीन राजा झाला तेव्हा १८ वर्षांचा होता असं २ राजे २४:८ म्हणतं. २ इतिहास ३६:९ च्या हिब्रू मजकुरात ८ आहे. काही आधुनिक भाषांतरं इतिहासातही १८ छापतात आणि तळटिपेत खुलासा देतात. इथे नकलेच्या वेळी आकडा गळाला असं मानायला चांगला आधार आहे, आणि शिकागोचं वाक्य मानणारा तसं म्हणाला तर तो पळवाट काढत नाही. मार्कच्या शेवटच्या बारा वचनांचंही असंच. सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन्ही मोठ्या प्रतींत ती नाहीत. मूळ मार्कमध्ये ती होती का हा प्रश्न मजकुराचा आहे, अचूकतेचा नाही.

पण हीच किल्ली प्रत्येक कुलपाला लावता येत नाही. प्रतींत काहीच फरक नसताना "मुळात बरोबर असणार" म्हणणं म्हणजे कोणीही न पाहिलेला कागद पुरावा म्हणून दाखवणं. चर्चा चालवणाऱ्याने इथे लगेच विचारावं: कोणत्या प्रतीत वेगळं वाचन आहे?

भाषांतराच्या थरावर आपण मराठी वाचक फार सहज फसतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून निघालं. बायबल सोसायटीच्या मराठी आवृत्त्या वेगळ्या, कॅथलिक भाषांतर वेगळं. एखाद्या शब्दावर वाद अडला तर किमान दोन मराठी भाषांतरं शेजारी शेजारी ठेवा. बरेचदा अडचण तिथेच सुटते, आणि कधी उलटंही होतं: एका भाषांतरकाराने गुळगुळीत केलेली अडचण दुसऱ्यात उघडी पडते.

चूक कशाला म्हणायचं, ते वचन उघडण्याआधी ठरवा

वचन समोर आल्यावर मापं ठरवायला बसलं की जो तो आपल्याला सोयीचं माप काढतो. म्हणून हे आधी.

मोहरीचा दाणा घ्या. मत्तय १३:३२ मध्ये येशू म्हणतो की तो सगळ्या बियांमध्ये लहान आहे. एकदा मी स्वयंपाकघरातून मिसळणाचा डबा आणि खसखशीची पुडी घेऊन गेलो होतो आणि दोन्ही दाणे एका पांढऱ्या कागदावर ठेवले. खसखस लहान आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. मग येशू चुकला का? तिथे बसलेल्या एका आजींनी उत्तर दिलं, "माझी आईसुद्धा राईएवढं म्हणायची, आणि खसखस तिच्याही घरात होती." शिकागोचं तेरावं कलम हेच सांगतं: पूर्ण आकडे, अतिशयोक्ती, डोळ्यांना दिसतं तसं निसर्गाचं वर्णन, सैल अवतरणं, प्रसंगांचा वेगळा क्रम या गोष्टींना चूक धरू नये, कारण त्या काळी आणि त्या लिखाणात ती रीतच होती. १ राजे ७:२३ मधला गंगाळसागर (शलमोनाच्या मंदिरातलं पाण्याचं मोठं गोल पात्र) दहा हात रुंद आणि परीघ तीस हात, हेही याच खात्यात जातं. त्यावरून पायची किंमत काढून टाळ्या मिळवणाऱ्याला चर्चेतून काही मिळत नाही.

तसंच, बायबल जे सांगतं आणि बायबलमध्ये कोणीतरी जे म्हणतं, ते वेगळं धरा. ईयोबाचे मित्र पानंच्या पानं बोलतात, आणि शेवटी देव म्हणतो की हे बरोबर बोलले नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ती आम्हा विश्वासी लोकांना जड जाते. अचूकता मानणाऱ्याने आधीच सांगितलं पाहिजे: कोणत्या प्रकारची गोष्ट सापडली तर मी तिला चूक म्हणेन? दोन उताऱ्यांत एकाच घटनेतल्या एकाच माणसाचं नाव वेगळं आलं तर? एकाच शिरगणतीचे दोन आकडे आले तर? (२ शमुवेल २४ मध्ये इस्राएलचे आठ लाख आहेत, १ इतिहास २१ मध्ये अकरा लाख.) "असं काहीही सापडूच शकत नाही" असं कोणी म्हणाला, तर त्याची अचूकता पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष नाही, तो विश्वासाचा पाया आहे. तसं म्हणणं पूर्ण सन्मानाचं आहे. शिकागोचं चौदावं कलमही म्हणतं की न सुटलेल्या अडचणींनी शास्त्राच्या सत्यतेच्या दाव्याला बाध येत नाही. पण पाया विश्वासाचा असेल तर "पुराव्याने सिद्ध झालंय" असं समोरच्याला सांगता येत नाही. दोन्ही एकदम हातात धरता येत नाहीत.

समोरच्याची बाजू त्याच्याहून नीट मांडा

जुन्या शास्त्रीपंडितांची पूर्वपक्ष मांडायची पद्धत मला फार मोलाची वाटते. आधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की तो स्वतः म्हणेल, "हो, हेच मला म्हणायचं होतं." त्याने ते मान्य करेपर्यंत उत्तर द्यायचं नाही.

अचूकता मानणाऱ्याचा पूर्वपक्ष असा: देव खोटं बोलत नाही. २ तीमथ्य ३:१६ प्रमाणे शास्त्र देवाच्या श्वासातून आलं आहे. योहान १०:३५ मध्ये येशू म्हणतो, शास्त्राचा भंग होत नाही. म्हणून शास्त्र जे ठामपणे सांगतं ते खोटं असू शकत नाही. यात कुठेही "बायबल खरं आहे कारण बायबल तसं म्हणतं" असं मूर्ख वर्तुळ नाही. येशूवरच्या विश्वासातून त्याच्या शास्त्राविषयीच्या दृष्टीकडे जाणारी ही वाट आहे.

न मानणाऱ्याचा पूर्वपक्ष असा: देव माणसांमार्फत बोलला, आणि माणसाची आठवण, ज्ञान आणि भाषा मर्यादित असते. तीमथ्याचं वचन शास्त्र शिक्षणाला आणि नीतीला उपयोगी आहे म्हणतं, प्रत्येक नाव आणि आकडा बरोबर आहे असं म्हणत नाही. देवाने काय केलं असेल हे आधी ठरवून मजकूर वाचण्यापेक्षा, देवाने प्रत्यक्ष जो मजकूर दिला तो पाहून काय केलं ते शिकावं. हे म्हणणारा नास्तिकच असतो असं नाही. कित्येक पाळक हेच मानतात.

हे दोन परिच्छेद दोन्ही बाजूंच्या तोंडून एकमेकांसाठी वदवून घ्या. दहा मिनिटं जातात, पण पुढचा तास वाचतो.

एकच उतारा, पूर्ण

एका बैठकीत एकच. इंटरनेटवरून उतरवलेल्या शंभर विसंगतींची यादी कोणी आणली, तर त्याला त्यातली सगळ्यात भक्कम वाटते ती एक निवडायला सांगा. यादीचा जोर संख्येत असतो, आणि संख्या दिसली की कोणीच काही तपासत नाही.

मार्क २:२६ आता आम्ही असं घेतो. आधी पाच उतारे मोठ्याने वाचतो: मार्क २:२३–२८, मत्तय १२:१–८, लूक ६:१–५, १ शमुवेल २१:१–६ आणि २२:९–२३. वाचताना कोणी मत द्यायचं नाही. मग दोघांनाही मान्य असलेल्या गोष्टी लिहितो. नोब गावी दावीदाला समर्पित भाकरी देणारा याजक अहीमलेख. शौलाच्या हुकमावरून दवेगाने ८५ याजक मारले, त्यातून अहीमलेखाचा मुलगा अब्याथार निसटला आणि दावीदाकडे आला. पुढे याजक म्हणून अब्याथारचंच नाव मोठं झालं. मार्कमध्ये अब्याथारचं नाव घेणारं वाक्य येशूच्या तोंडी आहे. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण याजकाचं नाव दोघेही घेत नाहीत.

मग खुलासे, आणि प्रत्येकासमोर त्याची अडचण.

एक: मार्कमध्ये अब्याथारच्या नावाबरोबर आलेल्या ग्रीक शब्दप्रयोगाचा अर्थ "अब्याथारच्या प्रकरणात" असा घ्यावा. मार्क १२:२६ मध्ये झुडपाच्या कथेसाठी तसाच प्रयोग आहे. अडचण: तिथे तो "मोशेच्या पुस्तकात वाचलं नाही का" याला लागून येतो, इथे तो वाचण्यापासून लांब आणि देवाच्या घरात शिरण्याला चिकटून आहे. शिवाय त्या प्रकरणाला कोणी नाव दिलंच असतं तर अहीमलेखाचं दिलं असतं.

दोन: "अब्याथारच्या काळात" असा अर्थ. अब्याथार तेव्हा हयात होताच, आणि ओळखीसाठी पुढचं मोठं नाव आधी वापरतात, जसं आपण "शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा" म्हणतो, तेव्हा ते महाराज नव्हते तरी. अडचण: ग्रीकचा सरळ अर्थ "अब्याथार प्रमुख याजक असताना" असाच लागतो. काही प्रतींत एक उपपद (इंग्रजीतल्या 'the' सारखं) जास्त आहे, त्याने हा खुलासा थोडा सोपा होतो.

तीन: हे शब्द मुळात नव्हतेच, कोडेक्स बेझे या जुन्या प्रतीत ते नाहीत. अडचण: नक्कल करणारा अवघड शब्द गाळतो, मुद्दाम घालत नाही.

चार: नावांची अदलाबदल मार्कच्या आधीपासूनची आहे. २ शमुवेल ८:१७ मध्ये "अब्याथाराचा मुलगा अहीमलेख" असं उलटं नातं दिलं आहे. अडचण: यामुळे गोंधळ कुठून आला ते कळतं, पण गोंधळ नाहीसा होत नाही; तो फक्त शमुवेलात सरकतो.

पाच: मार्ककडून किंवा त्याला सांगणाऱ्याकडून नाव चुकलं. अडचण: शिकागोचं वाक्य मानणाऱ्याला हा मार्ग बंद आहे, आणि वाक्य येशूच्या तोंडी असल्याने इतर विश्वासी माणसालाही तो सहज घेता येत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला आणि तिसरा मला ओढूनताणून लावलेले वाटतात. दुसरा शक्य आहे. पाचवा सगळ्यात सरळ आहे, आणि तो मान्य करायला मला वर्षं लागली. माझ्या शेजारी बसणारे एक वडील दुसऱ्यावर ठाम आहेत. आम्ही दोघे एकत्र प्रार्थना करतो.

शक्य, संभवनीय, आणि मजकुरात आहे ते

वरच्या यादीत एक भेद लपलेला आहे. खुलासा शक्य असणं ही एक गोष्ट, आणि तोच सगळ्यात पटण्याजोगा असणं ही दुसरी. यहूदा इस्कर्योताने गळफास घेतला असं मत्तय २७ सांगतं. तो पालथा पडला आणि त्याचं पोट फुटलं असं प्रेषितांची कृत्ये १:१८ सांगतं. "गळफास घेतला, मग दोर तुटला आणि तो पडला," हे शक्य आहे. पण दोर तुटला हे दोन्हीकडे कुठेही लिहिलेलं नाही, ते आपण घातलेलं आहे. घालायला हरकत नाही. मात्र कागदावर ते वेगळ्या शाईत लिहा.

सिद्ध करण्याचा बोजाही दोन्हीकडे आहे. "एकही चूक नाही" या दाव्याला एक पक्कं उदाहरण पुरतं. पण ते पक्कं आहे, दुसरं कोणतंही वाचन पटण्याजोगं नाही, हे दाखवणं चूक काढणाऱ्याचं काम. "तुम्ही समजावून सांगू शकत नाही, म्हणजे चूक झाली" हेही घाईचंच.

अर्थाचा वाद आणि अचूकतेचा वाद

यांची सरमिसळ मोठमोठ्या लोकांकडून झाली आहे. नव्या कराराचे अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट गंड्री यांनी १९८२ मध्ये मत्तयावर भाष्य लिहिलं. मत्तयाने काही प्रसंग यहुदी मिद्राश पद्धतीने, म्हणजे शास्त्रातल्या कथेचा विस्तार करून अर्थ सांगण्याच्या रीतीने, रंगवले, त्यामुळे ते शब्दशः इतिहास म्हणून लिहिलेले नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपण अचूकता मानतो असंही ते ठासून सांगत होते: मत्तयाला जे म्हणायचं होतं त्यात चूक नाही. १९८३ च्या डिसेंबरात इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीने त्यांना राजीनामा द्यायला सांगितलं. सोसायटीचं बरोबर होतं की गंड्रींचं, यावर आजही दोन मतं आहेत. आपल्याला यातून घ्यायचा प्रश्न एवढाच: "हा मजकूर काय सांगतो?" यावर आपण भांडतो आहोत, की "तो जे सांगतो ते खरं आहे का?" यावर? उत्पत्तीच्या सहा दिवसांचा वाद बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा असतो आणि दुसऱ्या प्रकारचा म्हणून लढला जातो.

गाडी रुळावरून घसरली की

विषयाबाहेर जाण्यालाही न्यायशास्त्रात नाव आहे, अर्थांतर, आणि ते हरण्याच्या बावीस जागांपैकी एक धरलं आहे. मी एक वेगळा कागद ठेवतो आणि वर लिहितो "नंतर". उत्क्रांती, गुलामगिरी, कुराण, धर्मांतर, चर्चचा पैसा, जे निघेल ते तिथे लिहायचं आणि परत उताऱ्यावर यायचं. लिहून घेतलं की माणूस शांत होतो, कारण त्याचा मुद्दा हरवला नाही हे त्याला दिसतं. पण तो कागद खरोखर पुढे उघडायचा. न उघडणं ही फसवणूक आहे, आणि लोक ते दोन बैठकींत ओळखतात.

काही वाक्यं मी ठरवूनच ठेवली आहेत: "हे फळ्यावरच्या वाक्याला कसं लागतं ते सांगा." "हे तुम्ही वाचलंय की ऐकलंय?" "आधीचा प्रश्न सुटला, की आपण तो सोडला?" यातलं तिसरं सगळ्यात उपयोगी.

एक गोष्ट मात्र कागदावरही घेत नाही. समोरच्याच्या तारणाबद्दल, प्रार्थनेबद्दल, चालचलणुकीबद्दल किंवा हेतूबद्दल बोलायचं नाही. "तुझा विश्वासच डळमळीत झालाय" हे उत्तर नाही. "तुम्हाला विचार करायची भीती वाटते" हेही नाही. मी हे कडकपणे थांबवतो, बोलणारा वयाने कितीही मोठा असला तरी.

"एक चूक निघाली तर सगळंच गेलं"

हे वाक्य दोन्हीकडून येतं, आणि तरुणांना सगळ्यात जास्त इजा यानेच होते. नव्या कराराचे अमेरिकन अभ्यासक बार्ट एर्मन यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात स्वतःच सांगितलं आहे: प्रिन्स्टनमध्ये शिकत असताना त्यांनी याच मार्क २:२६ वर, अब्याथारचं समर्थन करणारा लांबलचक निबंध लिहिला, आणि प्राध्यापकांनी शेवटी शेरा मारला की कदाचित मार्ककडून चूकच झाली असेल. तिथून त्यांच्यासाठी दार उघडलं. मात्र आपला विश्वास शेवटी गेला तो जगातल्या दुःखाच्या प्रश्नामुळे, असंही ते सांगतात. म्हणून "बायबलमधल्या चुकांमुळे एर्मन नास्तिक झाले" असं कोणी कोणत्याही बाजूने म्हटलं, तर ते दुरुस्त करा.

शिकागो निवेदनाचं एकोणिसावं कलमही इथे वाचून दाखवा. अचूकतेची कबुली तारणासाठी आवश्यक आहे हे ते नाकारतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की अचूकता नाकारण्याचे व्यक्तीला आणि मंडळीला गंभीर परिणाम भोगावे लागतात. दोन्ही अर्धे वाचा. सोयीचा अर्धाच वाचणारे मी दोन्हीकडे पाहिले आहेत.

त्या शुक्रवारी हे कलम मला माहीत असतं आणि मी ते मोठ्याने वाचलं असतं, तर तो मुलगा कदाचित थांबला असता.

नोंद ठेवा

१८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद झाले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्यांची हकिगत त्याच वर्षी छापली आणि पुढे बुवांच्या बाजूनेही पुस्तक निघालं. दोन नोंदी असल्या की एकाने दुसऱ्याच्या तोंडी घातलेलं पकडता येतं. म्हणून लेखनिकही दोन ठेवा, प्रत्येक बाजूचा एक, आणि घरी जाण्याआधी दोघांनी एकमेकांचं पान वाचायचं. नोंद एका पानाची पुरते. आमची मार्कची गेल्या वेळची अशी आहे:

वाक्य: शिकागो, बारावं कलम. उतारा: मार्क २:२६. मान्य: नोबचा याजक अहीमलेख, अब्याथार त्याचा मुलगा, मत्तय आणि लूक यांत नाव नाही. सोडून दिलं: तिसरा खुलासा, दोन्ही बाजूंनी. उघडं: दुसरा की पाचवा. मत बदललं: एकाचं, पहिल्यावरून दुसऱ्यावर. 'नंतर'च्या कागदावर: शिरगणतीचे आकडे, मार्कचा शेवट. पुढच्या शुक्रवारी २ शमुवेल २४ आणि १ इतिहास २१ घरून वाचून यायचं, दोन भाषांतरांत.